बाबांचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारायचा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. आईबाबा दादरला, तुम्ही पुण्यात. बाबा सोसायटीचे खजिनदार, हॉलमध्ये त्यांचा विंडोज १०चा जुना डेस्कटॉप. महिनाभर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशा चौकटी येत होत्या. मंगळवारी दुपारी अख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि खाली एक फोन नंबर. बाबांनी फोन लावला. समोरच्याने गोड बोलून एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) टाकायला लावलं, चाळीस मिनिटं माउस तोच फिरवत होता, ‘एरर’ दाखवल्या, एक सिक्युरिटी प्रोग्रॅम टाकून दिला आणि साडेआठ हजार मागितले. कार्ड आईच्या पर्समध्ये, आई भाजीला गेलेली, म्हणून पैसे वाचले. आता तो नवा प्रोग्रॅम रोज ३१२ धोके मोजून दाखवतोय. गल्लीतला कॉम्प्युटरवाला म्हणतोय, फॉरमॅट मारू, दीड हजार. आणि तुमचं म्हणणं, आत बारा वर्षांचे फोटो आहेत, फॉरमॅट न मारता साफ होईल का?

साफ होईल. पण तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ वेगळीच आहे. जाता जाता तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या खात्याचं नेटबँकिंग बाबा त्याच कॉम्प्युटरवरून करतात आणि पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आहे. ३१२ धोक्यांपेक्षा मला त्या एका ओळीची काळजी वाटते. व्हायरस किती आहेत हा प्रश्न नंतरचा. परका माणूस चाळीस मिनिटं घरात होता, त्याने काय पाहिलं आणि मागे काय ठेवलं, हा आधीचा.

मी २००३ सालापासून हे काम करतो. सुरुवात लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात झाली, आता माहीम ते मुलुंड घरोघरी जातो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे: जो आरडाओरडा करतो तो सहसा व्हायरस नसतो. खऱ्या चोराला भोंगा वाजवून काय मिळणार? त्यामुळे गिऱ्हाईक ‘केवढे व्हायरस आलेत बघा’ म्हणून स्क्रीन दाखवतं, तेव्हा मी आधी स्क्रीनवर जे दिसत नाही ते बघायला लागतो.

आज रात्री करायचं ते आधी सांगतो, कारण बाकीचं रविवारपर्यंत थांबेल. आईला फोन करून त्या डब्याची नेटची वायर काढायला सांगा. वायफायचा डोंगल असेल तर तो उपटायचा. राउटर चालू राहू द्या, फोनला लागेल. मग नेटबँकिंगचा पासवर्ड बदलायचा, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही. बाबांच्या किंवा तुमच्या मोबाइलवरून. त्यानंतर बाबांच्या ईमेलचा, कारण बाकी सगळ्या पासवर्डांची किल्ली त्या मेलमध्ये असते. मेलच्या सेटिंगमध्ये ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ अशी सोय असते, ती न विसरता वापरा. नुसता पासवर्ड बदलून कधी कधी भागत नाही. ब्राउझरमध्ये आधीच उघडं असलेलं लॉगिन कोणी कुकीसकट (लॉगिनची खूण ठेवणारी छोटी फाइल) उचलून नेलं असेल, तर तो माणूस पासवर्ड न विचारता आत राहू शकतो.

उद्या सकाळी बँक उघडली की बाबांनी स्वतः शाखेत जावं. खातं सोसायटीचं आहे, त्यामुळे अध्यक्ष आणि सचिवांनाही सांगावं लागेल. संकोच वाटेल, पण सांगावंच. चेकवर दोन सह्या लागतात म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि नेटबँकिंग मात्र एकट्या खजिनदाराच्या लॉगिनवर चालतं असं मी निदान चार सोसायट्यांत पाहिलंय. तुमच्याकडे तसंच असेल तर चार-पाच दिवस ऑनलाइन व्यवहार बंद ठेवायला बँकेला लेखी द्या. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पैसे गेले नसतानाही नोंदवता येते, ती नोंदवून ठेवा. आणि एक रुपया जरी गेल्याचं दिसलं तर दुसरं काहीही करायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन. पैसा पुढच्या खात्यात, तिथून पुढच्या खात्यात असा पळवला जातो. तासाभरात फोन गेला तर अडवायला वाव असतो, दोन दिवसांनी फारसा उरत नाही.

यात नियमाचा भागही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने घातलेला नियम असा की चूक ना बँकेची ना तुमची, मधल्या कुणाची असेल, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी स्वतः दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. बाबा खजिनदार आहेत, त्यांना हे मी सांगायला नको.

आता कॉम्प्युटर. बाबांकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि तुम्ही तिन्हींना मिळून ‘व्हायरस’ म्हणताय. प्रत्येकाचं दार वेगळं, उपाय वेगळा.

पहिली, कोपऱ्यातल्या चौकटी. या म्हणजे ब्राउझरच्या नोटिफिकेशन. बाबा कधीतरी पंचांगाची पीडीएफ शोधत किंवा क्रिकेटची मॅच फुकट बघायला कुठल्यातरी साइटवर गेले असणार. तिथे ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं असतं. माणूस सरळमार्गी, दाबतो. त्या एका दाबण्याने त्या साइटला बाबांच्या स्क्रीनवर वाटेल तेव्हा चिठ्ठी टाकायची परवानगी मिळते. क्रोम उघडं नसलं, मागे नुसतं चालू असलं, तरी चिठ्ठ्या येत राहतात. चौकटीवर ढालीचं चित्र आणि ओळखीच्या अँटीव्हायरसचं नाव असतं, पण नीट पाहिलंत तर खाली बारीक अक्षरात कुठल्यातरी चित्रविचित्र साइटचा पत्ता दिसतो. उपाय दोन मिनिटांचा: क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन. परवानगी दिलेल्यांची यादी दिसेल. मागच्या महिन्यात माटुंग्याला एका घरी मी ती यादी उघडली तेव्हा त्यात सदतीस साइट होत्या, आणि काकांनी ओळखली ती एकच, त्यांच्या वर्तमानपत्राची. सगळ्या काढून टाका आणि वर ‘साइटना नोटिफिकेशन पाठवायला परवानगी देऊ नका’ हा पर्याय कायमचा निवडा. बाबांचं काही अडणार नाही.

दुसरी, लाल पडदा आणि भोंगा. हेही नुसतं वेबपान आहे. पूर्ण पडद्यावर पसरलेलं, माउसचा बाण लपवणारं, आवाज करणारं, पण पानच. एस्केपचं बटन दोन-तीन सेकंद दाबून धरलं की ते आक्रसतं, मग नेहमीसारखं बंद करायचं. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, क्रोम निवडा, एंड टास्क. पुन्हा क्रोम उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारेल, तिथे नाही म्हणा. तेवढं जमलं नाही तर डब्याचं बटन दाबून ठेवून बंद करा. विंडोज एवढ्याने बिघडत नाही. आणि बाबांना एवढं मात्र आवर्जून सांगा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते खोटं, पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही.

फोनवर त्या माणसाने ‘एरर’ दाखवल्या म्हणालात. तो इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज आपल्या बारीकसारीक कुरबुरी त्यात टिपून ठेवतं. माझ्या स्वतःच्या, आज सकाळी विंडोज टाकलेल्या मशीनवरही त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण आहेत. प्रिंटर उशिरा जागा झाला, लाल फुली. डॉक्टरने तुमच्या हातावरच्या शिरा दाखवून ‘बघा, किती निळ्या झाल्यात’ म्हणावं तसला प्रकार. दुसरी एक युक्ती याहून सरस आहे. काळ्या खिडकीत एक कमांड देऊन ते ८८८ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक काढतात आणि म्हणतात, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास नंबर, आमच्याकडेही हाच नोंदलाय, जुळवून बघा.’ जुळतो. कारण तो सगळ्याच विंडोजमध्ये तोच असतो. शिकलेला, हुशार माणूस इथे फसतो, कारण त्याला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. हे लोक लांबचे असतात असंही समजू नका. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली पोरं अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना घाबरवत होती. फोनच्या त्या टोकाला रोज लोकलने कामावर जाणारा कुणीही असू शकतो.

तिसरी गोष्ट, तो ३१२ धोकेवाला प्रोग्रॅम. हे प्रकरण जुनं आहे. २००८-०९च्या सुमाराला ‘अँटीव्हायरस एक्सपी २००८’, ‘अँटीव्हायरस २००९’ अशा नावांची पिलावळ आली होती. आमच्या दुकानात दिवसाला तीन-चार डबे तेवढ्याचेच यायचे. तो प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडू द्यायचा नाही, खऱ्या अँटीव्हायरसची साइट उघडू द्यायचा नाही, आणि पैसे भरले की सगळे व्हायरस क्षणात गायब, कारण ते नव्हतेच. आजचे त्यांचे वंशज जास्त सभ्य आहेत. बरेचसे रीतसर कंपनीच्या नावाने, ‘क्लीनर’, ‘ऑप्टिमायझर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून येतात. ते मोजतात काय? कुकीज, टेंपररी फाइल, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, रिकाम्या नोंदी. त्या प्रत्येकाला ‘धोका’ म्हटलं की ३१२ सहज भरतात.

काढायचा कसा ते सांगतो. ज्या क्रमाने मी करतो तोच क्रम लिहितो, कारण क्रम चुकला की प्रोग्रॅम पुन्हा उगवतो आणि मग लोक म्हणतात, ‘फार चिवट व्हायरस आहे हो.’

आधी कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम्स अँड फीचर्स उघडून तारखेप्रमाणे यादी लावतो. हे सोपं हत्यार आहे आणि आश्चर्य म्हणजे फार कमी लोक वापरतात. मंगळवारच्या तारखेला काय काय टाकलं गेलं ते ओळीने दिसतं. यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एनीडेस्कची नोंदवही (ती कुठे असते ते पुढे सांगतो) कॉपी करून घ्या आणि मगच काढायला घ्या. काढताना ‘खरंच जाताय? ५०% सूट देतो’ असल्या खिडक्या येतील, त्यात मोठं रंगीत बटन नेहमी ‘ठेवा’चं असतं आणि ‘काढा’ हे करड्या अक्षरात बारीक. घाई करू नका. साध्या रीतीने निघत नसेल तर सेफ मोड: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि ४ आकडा. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक तेवढंच चालू करतं, बहुतेक आगंतुक झोपलेलेच राहतात, आणि झोपलेल्याला उचलून बाहेर ठेवणं सोपं.

मग त्यांची परत यायची वाट बंद करायची. नेहमीच्या जागा सांगतो: टास्क शेड्यूलर, स्टार्टअप, सर्व्हिसेस, ब्राउझरची एक्सटेन्शन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम), आणि इंटरनेट सेटिंगमधला प्रॉक्सी (नेटची वाहतूक मध्येच दुसरीकडून वळवणारी सोय). एकेक शोधत बसण्यापेक्षा मी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे फुकट हत्यार वापरतो. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे; त्या लपवल्या की बाहेरून आलेलं सगळं एका पानावर दिसतं. तुम्हाला सवय नसेल तर त्यात काही डिलीट करू नका, नुसती समोरची खूण काढा. चुकलं तर परत लावता येते.

क्रोमच्या मेन्यूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं वाक्य दिसतंय का तेही बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते असणं रास्त आहे. बाबांच्या घरच्या कॉम्प्युटरवर कुठली संस्था? पुष्कळदा एखाद्या घुसखोराने रजिस्ट्रीत नियम लिहून आपलं एक्सटेन्शन काढता येणार नाही अशी तजवीज केलेली असते. नेहमीच्या अँटीव्हायरसमुळेही कधी हे वाक्य येतं, म्हणून लगेच घाबरू नका, पण कारण शोधा.

इथे माझी एक फजिती सांगतो. मुलुंडच्या एका काकूंच्या मशीनवर सर्चचं पान सारखं बदलत होतं. मी साफ करत बसलो नाही, सरळ फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, पैसे घेतले, लोकल पकडली. विक्रोळी यायच्या आत फोन: ‘तेच पान परत आलंय.’ काकूंनी क्रोममध्ये आपलं खातं टाकून साइन-इन केलं होतं आणि क्रोमने इमानेइतबारे जुनी सगळी एक्सटेन्शन परत आणून दिली होती, त्या चोरट्यासकट. डिस्क स्वच्छ होती, घाण खात्यात होती. दुसऱ्या दिवशी जाऊन ते काढलं आणि पैसे परत केले. तेव्हापासून फॉरमॅट मारायच्या आधी खात्यातली एक्सटेन्शन काढतो.

एवढं झाल्यावर नेट परत जोडून तपासणी. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे, वेगळा विकत घ्यायलाच हवा असं मी कुणाला सांगत नाही. पण तो चालू आहे ना हे बघा. आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन’ नावाची यादी असते, म्हणजे ‘या फोल्डरकडे बघू नको’ असं सांगितलेली ठिकाणं. ती रिकामी हवी. तिथे कोणी अख्खा सी ड्राइव्ह लिहून ठेवला असेल तर डिफेंडर डोळे मिटून बसलाय. फोनवरच्या माणसानेच हे केलं असेल असं नाही; क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस टाकून देणारे आपले स्थानिक कॉम्प्युटरवालेही करतात, कारण नाहीतर डिफेंडर त्यांचा अॅक्टिव्हेटर पकडतो. यादी रिकामी केली की ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन बंद होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं लागतात. नंतर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आणि त्यांचंच अॅडव्हक्लीनर. ही मात्र त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये सर्वांत वर ‘जाहिरात’ म्हणून येणारी लिंक दाबू नका. अँटीव्हायरस शोधणारा माणूस घाबरलेला असतो आणि जाळं नेमकं तिथेच लावलेलं असतं. आपल्या सरकारचंही सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०१७मध्ये सुरू केलेलं, तिथेही बॉट (मशीन गुपचूप दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारे प्रोग्रॅम) काढायची हत्यारं फुकट मिळतात.

आता पहिल्या मुद्द्याकडे, त्या चाळीस मिनिटांकडे. एनीडेस्क हा प्रोग्रॅम वाईट नाही, मीही रोज वापरतो. पण त्यात एक सोय आहे: पासवर्ड लावून ठेवला की समोर कोणी नसतानाही बाहेरून आत येता येतं. ती त्याने लावली असेल का? शक्य आहे. म्हणून एनीडेस्क काढायचंच, पण काढायच्या आधी एक काम. सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात एनीडेस्कचं फोल्डर, आणि त्यात कनेक्शन ट्रेस नावाची टेक्स्ट फाइल. बाहेरून कोण, कुठल्या तारखेला, किती वाजता आत आलं याची ती नोंदवही. एनीडेस्क नीट इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर हीच फाइल बाबांच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये सापडेल. मंगळवारची एकच नोंद असेल तर निम्मा जीव भांड्यात पडेल. बुधवारी पहाटे तीनची असेल तर मला पुढचं काही सांगायची गरज नाही. फाइल कॉपी करून ठेवा, पोलिसांना लागू शकते.

एनीडेस्क दिसतं तरी. हुशार टोळ्या एनीडेस्कवरून आत येतात आणि दुसरं एखादं रिमोटचं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून टाकून जातात. त्याचं खाली घड्याळापाशी चिन्हसुद्धा नसतं. स्क्रीनकनेक्ट, अल्ट्राव्ह्यूअर, टीमव्ह्यूअर, जे नाव तुम्ही टाकलेलं नाही ते दिसलं की काढा. कंट्रोल पॅनेलमध्ये यूझर अकाउंटही बघा, बाबांखेरीज तिथे कोण आहे. पूर्वी हे लोक पैसे दिले नाहीत की सिसकी नावाची विंडोजचीच एक सोय वापरून मशीनला कुलूप घालायचे. २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १०मधून काढून टाकली, तेवढी एक डोकेदुखी कमी झाली.

तर, फॉरमॅट मारायचा की नाही? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: आत बसून त्याने काय केलं, त्या मशीनवर कसला कारभार चालतो, आणि विंडोज अस्सल आहे की ‘टाकून दिलेलं’. नुसत्या चौकटी आणि लाल पान असतं तर मी फॉरमॅटवाल्याला हसलो असतो. नुसता खोटा क्लीनर असता आणि बाबा त्यावर फक्त यूट्यूब बघत असते तर वर लिहिलेली साफसफाई पुरली असती. पण इथे परक्याच्या हातात माउस होता, आणि तिथे ९६ बिऱ्हाडांचा मेंटेनन्स जमा होतो. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या तरी ‘आत काही उरलेलं नाही’ असं छातीठोक मी सांगणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर विंडोज नव्याने टाकलं असतं. म्हणजे तुमचा गल्लीतला माणूस बोलला ते बरोबरच, कारण चुकीचं दिलं. ३१२ धोक्यांसाठी फॉरमॅट नको. त्या चाळीस मिनिटांसाठी हवा.

फोटोंची चिंता नको, ते आधी काढून घ्यायचे. नवीन बाह्य हार्ड डिस्क आणा, नेट बंद ठेवून कॉपी करा. फोटो, व्हिडिओ, वर्ड, एक्सेल, पीडीएफ आणि सोसायटीच्या अकाउंटिंगचा बॅकअप, एवढंच. सेटअपच्या फाइल, ‘क्रॅक’ नावाचं फोल्डर, डाउनलोडमधला कचरा तिथेच मरू द्या. त्याआधी फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू या टॅबवर ‘फाइल नेम एक्सटेन्शन’ची खूण लावा, म्हणजे फोटोचं सोंग घेतलेला प्रोग्रॅम उघडा पडतो: नाव ‘गणपती २०१९ जेपीजी’ आणि शेवटी गुपचूप ‘ईएक्सई’. बाबांचे पेनड्राइव्हही तपासा. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात नोटीस प्रिंट करायला नेलेला पेनड्राइव्ह घरी येताना अजूनही अधूनमधून शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारू नका, मूळ फोल्डर तिथेच लपवलेले असतात.

कॉपी झाल्यावर ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर दहा-बारा फोटो उघडून बघा. २००५मध्ये एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या बारशाचे फोटो मी ‘घेतलेत’ असं समजून डिस्क पुसली होती. घेतले होते ते शॉर्टकट. ते घर आजही माझ्याशी बोलत नाही.

विंडोज टाकताना सेटिंगमधल्या ‘रीसेट धिस पीसी’ने काम होतं, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. मी मात्र दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून टाकतो. विंडोज अस्सल आणि अॅक्टिव्हेट असेल तर डिजिटल परवाना त्या मदरबोर्डला बांधलेला असतो, परवान्याची ‘प्रॉडक्ट की’ विचारली तर ती न भरता पुढे जा, नंतर आपोआप जुळतं. गल्लीतल्या माणसाकडून करून घ्यायचं असेल तरी हरकत नाही, पण एक अट घाला: क्रॅक केलेलं काहीही नको, ऑफिस नसलं तरी चालेल. आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. मशीनला ११ चालत असेल तर तेच टाका. चालत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू (मुदतीनंतरचे सुरक्षा अपडेट) योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, तेवढ्यात नव्या डब्याचं बघा.

नवीन विंडोजमध्ये बाबांना स्टँडर्ड अकाउंट द्या, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. कोणी फोनवरून काही टाकायला सांगितलं तर तिथेच अडेल आणि बाबांना तुम्हाला फोन करावाच लागेल. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नयेत हे त्यांना पटायला वेळ लागेल. तोवर निदान सोसायटीचा तरी नको.

आणि बाबांवर चिडला असाल तर आता पुरे. तुम्हीच लिहिलंय, त्यांनी दोन दिवस काही सांगितलं नाही, आईच्या तोंडून कळलं. ते दोन दिवस मशीन नेटवर चालू होतं. पुढच्या वेळी त्यांनी दोन मिनिटांत सांगावं असं वाटत असेल तर या वेळचं बोलणं जरा बेताने.

रविवारी दादरला जाल तेव्हा सुरुवात त्या दोन गोष्टींनी करा: तारखेप्रमाणे लावलेली प्रोग्रॅमची यादी आणि एनीडेस्कची ती ट्रेस फाइल. यादीत मंगळवारच्या दोनच नोंदी असतील, एनीडेस्क आणि तो ३१२वाला, तर नीट, वर लिहिलंय तसं पुढे जा. तीन किंवा जास्त असतील तर कशालाही हात लावायच्या आधी तिसऱ्याचं नाव मला कळवा.